ओळख देणारं कोण? : पाँ-नफ पुलावरच्या प्रेमामागचा इतिहास

“तुम्हाला ओळखणारं इथं कोण आहे?”

पुण्यात भाड्याचं घर शोधताना हा प्रश्न आम्हाला महिन्याभरात सात-आठ वेळा विचारला गेला. माझ्याकडे उत्तर होतं. ऑफिसचं पत्र होतं, बँकेचं स्टेटमेंट होतं, सदाशिव पेठेत राहणारी आत्या होती. माझ्या मित्राकडे यातलं काहीच नव्हतं. तो चित्रं काढतो, मिळतील तशी कामं करतो, आणि तेव्हा त्याचं घरच्यांशी बोलणंही बंद होतं. शेवटी करार माझ्या एकटीच्या नावावर झाला. मालकांना मी सांगितलं, हा माझा मावसभाऊ, अधूनमधून येईल.

पहिल्या रात्री घरात पंखाही नव्हता. सामानाच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून आम्ही एक फ्रेंच सिनेमा लावला. ‘लेझामाँ द्यू पाँ-नफ’, म्हणजे ‘पाँ-नफ पुलावरचे प्रेमी’. दिग्दर्शक लेओस काराक्स, साल १९९१. कॉलेजात असताना मी तो एकदा पाहिला होता आणि मला त्यातली आतषबाजी तेवढी आठवत होती. पॅरिसच्या आकाशात फुटणारे बाण, पुलावर बेभान नाचणारी दोन माणसं, आणि सेन नदीवर वॉटर-स्कीइंग करणारी ज्युलिएत बिनोश. तेव्हा मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, जगातली सगळ्यात रोमँटिक फिल्म पाहिली म्हणून.

त्या रात्री मात्र मला पहिल्यांदाच सुरुवातीची मिनिटं नीट दिसली. हा लेख त्या मिनिटांबद्दल आहे. सिनेमा पाहिला नसेल तर सांगून ठेवते, पुढे शेवटापर्यंतची सगळी गोष्ट येणार आहे.

निळी माणसं आणि बस

सिनेमा सुरू होतो रात्रीच्या पॅरिसमध्ये. सेबास्तोपोल बुलेव्हार्डवर एक तरुण झोकांड्या खात चालतोय. केस भादरलेले, अंगावर मळके कपडे. तो डांबरावर कोसळतो, एक गाडी त्याच्या पायावरून जाते आणि थांबत नाही. डोळ्यावर पट्टी बांधलेली एक मुलगी हे पाहते. मग एक बस येते आणि त्याला उचलून घेऊन जाते.

हा अ‍ॅलेक्स. भूमिका केली आहे दनी लाव्हाँनं. ती मुलगी मिशेल, म्हणजे बिनोश. पण आपण अजून त्यांच्या गोष्टीत शिरलेलो नसतो. आधी बस नाँतेर नावाच्या उपनगरातल्या एका मोठ्या संस्थेत पोचते. तिथं माणसांना कपडे उतरवायला लावतात, आंघोळ घालतात, झोपायला जागा देतात. उघडीवाघडी, जखमांची, दारूनं सुजलेली शरीरं कॅमेरा जवळून पाहतो. यातले बरेच चेहरे नटांचे नाहीत. पॅरिसच्या रस्त्यांवर खरोखर राहणारी ती माणसं आहेत. नंतरचा सगळा सिनेमा रंगांचा आणि स्वप्नाचा आहे, पण हा तुकडा माहितीपटासारखा कोरडा आहे.

नाँतेरची ही संस्था काराक्सनं रचलेली नाही. ती १८८७ मध्ये सुरू झाली आणि शंभर वर्षं पॅरिस पोलिसांच्या अखत्यारीत होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भिक्षेकरी गृह, पण अर्धं तुरुंगासारखं. १९५०च्या दशकापासून पॅरिस पोलिसांचं एक खास पथक बस घेऊन रस्त्यावरच्या माणसांना गोळा करायचं. त्यांचा गणवेश निळा, म्हणून रस्त्यावरची माणसं त्यांना ‘निळे’ म्हणायची. ज्याला जायचं नसेल त्यालाही नेलं जायचं. कारण रस्त्यावर राहणं हा फ्रान्समध्ये गुन्हा होता.

सेबास्तोपोल बुलेव्हार्ड या जागेलाही एक इतिहास आहे. १९५४च्या कडाक्याच्या हिवाळ्यात याच रस्त्याच्या फुटपाथवर एक बाई रात्री गारठून मेली. दोनच दिवसांपूर्वी तिला घरातून बाहेर काढलं होतं आणि तो कागद तिच्या हातात तसाच होता. १ फेब्रुवारी १९५४ रोजी आबे पिएर नावाच्या धर्मगुरूंनी रेडिओवरून तिची हकिगत सांगितली आणि लोकांकडे मदत मागितली. पॅरिसमध्ये ब्लँकेटांचे आणि पैशांचे ढीग लागले. १९५६ मध्ये कायदा झाला, की हिवाळ्यात भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. तो नियम आजही आहे.

अ‍ॅलेक्सला त्याच रस्त्यावर पाडताना काराक्सच्या मनात ती बाई होती का, हा माझा मुद्दा नाही. फ्रान्समधल्या एका अख्ख्या पिढीला त्या रस्त्याचं नाव ऐकलं की ती आठवत असणार, एवढंच मला म्हणायचं आहे.

नवा पूल, सगळ्यात जुना

नाँतेरहून अ‍ॅलेक्स परत येतो तो आपल्या घरी, म्हणजे पाँ-नफवर. सिनेमात हा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. वाहनं नाहीत, माणसं नाहीत. तिथं हान्स नावाचा एक म्हातारा राहतो, तो अ‍ॅलेक्सला झोपेच्या औषधाच्या कुप्या देतो. अ‍ॅलेक्स रस्त्यावर तोंडातून आग काढण्याचे खेळ करतो आणि त्या कुपीशिवाय त्याला झोप येत नाही. आणि आता त्याच्या जागेवर ती पट्टीवाली मुलगी झोपलेली आहे. मिशेल चित्रकार आहे, आणि तिची दृष्टी जात चालली आहे.

‘पाँ-नफ’चा अर्थ नवा पूल. पॅरिसमधल्या आजच्या सगळ्या पुलांत जुना आहे तो हाच. शंभरी गाठलेल्या पुलाला अजून ‘नवा पूल’ म्हणणाऱ्या पुणेकराला याचं नवल वाटायला नको. १५७८ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं पहिला दगड बसवला, मधे धर्मयुद्धांमुळे काम रखडलं, आणि चौथ्या हेन्रीच्या काळात, १६०७ मध्ये ते पुरं झालं.

त्या काळी पॅरिसच्या पुलांवर दोन्ही बाजूंनी घरं असत. पुलावरून जाताना नदी दिसतच नसे. पाँ-नफवर मुद्दाम घरं बांधली नाहीत. दोन्ही कडांना पायी चालणाऱ्यांसाठी उंच फुटपाथ केले, ते तेव्हा नवलाईचे होते. आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर अर्धगोल सज्जे काढले, नदीवर झुकलेले, आत दगडी बाक असलेले.

घरं नसलेल्या पुलावर मग ती माणसं आली, ज्यांना घरं नव्हती किंवा घरात भागत नव्हतं. सतराव्या शतकात पाँ-नफ म्हणजे शहराची जत्रा होती. दात उपटणारे वैदू, जडीबुटीवाले, जुनी पुस्तकं विकणारे, खिसेकापू, फौजेत माणसं भरती करणारे दलाल, भिकारी. पुलाला लागून असलेल्या दोफीन चौकात ताबाराँ नावाचा विदूषक फळकुटांच्या मंचावर लोकांना हसवायचा आणि त्याचा जोडीदार मलमं विकायचा. अठराव्या शतकात ‘ग्राँ तोमा’ नावाचा दात काढणारा धिप्पाड माणूस या पुलावर इतका प्रसिद्ध होता, की त्याची चित्रं छापली गेली.

तोंडातून आग काढणारा अ‍ॅलेक्स या पुलावर उपरा नाही. तो तिथला जुना रहिवासी आहे, चारशे वर्षांपासूनचा. सिनेमात तो आणि मिशेल त्या अर्धगोल सज्जांमध्येच झोपतात.

एक शब्द, दोन अर्थ

पण असा माणूस शहरानं किती काळ सहन करायचा? १६५६ मध्ये चौदाव्या लुईच्या राज्यात हुकूम निघाला. पॅरिसमध्ये ‘सामान्य रुग्णालय’ नावाची यंत्रणा उभी राहिली. नाव रुग्णालयाचं, काम मात्र भिकारी आणि भटक्यांना डांबून ठेवायचं. पुढे क्रांती झाली, राजा गेला, नेपोलियन आला. १८१० मध्ये त्यानं नवी दंडसंहिता दिली. या संहितेत भटकणं हा गुन्हा असल्याचं एका छोट्या वाक्यात सांगून टाकलं होतं. लगेच व्याख्या होती : ज्याला ठरलेलं राहतं घर नाही, पोटापाण्याचं साधन नाही आणि जो नेहमीचा काही धंदा-व्यवसाय करत नाही, तो भटक्या. काही चोरलं पाहिजे, कुणाला मारलं पाहिजे, अशी अट नाही. असणं हाच गुन्हा. शिक्षा तीन ते सहा महिने कैद, आणि त्यानंतर तो माणूस सरकारच्या हवाली.

या व्याख्येत भटक्यासाठी आणखी एक जुना शब्दप्रयोग आहे. ‘अव्ह’ नसलेला माणूस. मी इथं थांबले, कारण फ्रेंच शिकताना हा शब्द मी वेगळ्याच अर्थानं शिकले होते.

सरंजामी काळात ‘अव्ह’ म्हणजे कबुली. हा माझा धनी आहे असं कुळानं मान्य करायचं, आणि त्या बदल्यात धन्यानं, हा माझा माणूस आहे म्हणून त्याला संरक्षण द्यायचं. ‘अव्ह’ नसलेला म्हणजे ज्याची ओळख द्यायला कुणी उभं राहत नाही असा. या शब्दाचं लॅटिन मूळ आणि आपल्या गल्लीतल्या पाटीवरच्या ‘अ‍ॅडव्होकेट’चं मूळ एकच आहे. बाजूनं बोलायला बोलावलेला माणूस.

आजच्या फ्रेंचमध्ये मात्र ‘अव्ह’ म्हणजे मनातली गोष्ट कबूल करणं. गुन्ह्याची कबुली, आणि प्रेमाचीही. माझं तुझ्यावर प्रेम आहे हे पहिल्यांदा सांगणं, तेही ‘अव्ह’.

म्हणजे पुलावरच्या दोघांना ज्याची गरज आहे आणि कायद्यानं त्यांच्याकडे जे नाही म्हटलं, त्या दोन्हींना भाषेत एकच शब्द आहे. हा माझा, असं कुणीतरी म्हणणं.

त्याच संहितेत एक सुटकेचं कलमही होतं. शिक्षा झाल्यावरही भटक्या सुटू शकत असे, जर त्याच्या जन्मगावाच्या नगर परिषदेनं ठराव करून त्याला परत मागितलं, किंवा एखाद्या ऐपतदार नागरिकानं त्याचा जामीन घेतला तर. कायद्याला माणूस सुधारायला नको होता. त्याला मागे कुणीतरी हवं होतं. आमच्या घरमालकांचा प्रश्न मला इथं भेटला. भारतात नाही, १८१० सालच्या पॅरिसमध्ये.

आणि हे कलम फार पूर्वीच रद्द झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. तुरुंगात टाकणं हळूहळू कमी झालं, पण भटकणं आणि भीक मागणं हे गुन्हे फ्रान्सच्या दंडसंहितेतून गेले ते १ मार्च १९९४ रोजी, नवी संहिता लागू झाली तेव्हा. सिनेमा आला १९९१ मध्ये. पडद्यावर अ‍ॅलेक्स आणि मिशेल नाचत असतात तेव्हा कागदोपत्री ते नाचण्याआधीच गुन्हेगार असतात.

दोनशेवा वाढदिवस

सिनेमाची गोष्ट घडते १९८९च्या उन्हाळ्यात. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं होत होती. अध्यक्ष फ्राँस्वा मित्तेराँ यांनी पॅरिसला नवं रूप द्यायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये लूव्ह्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडचं उद्घाटन झालं. १३ जुलैला बास्तीय चौकातल्या नव्या ऑपेराचं. १४ जुलैला जगातल्या सात श्रीमंत देशांचे नेते पॅरिसमध्ये होते, आणि रात्री शाँझेलिझेवर जाँ-पोल गूद यानं रचलेली प्रचंड मिरवणूक निघाली. त्यात अमेरिकन गायिका जेसी नॉर्मन यांनी तिरंगी वेशात फ्रान्सचं राष्ट्रगीत गायलं.

हा सोहळा ज्या दशकाच्या शेवटी झाला, त्या दशकात फ्रान्समध्ये ‘नवे गरीब’ हा शब्द रूढ झाला होता. कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. १९८५ मध्ये कोल्यूश या विनोदी नटानं गरिबांसाठी मोफत जेवणाची केंद्रं सुरू केली, ती हिवाळ्यापुरती असणार होती. ती अजून चालू आहेत. डिसेंबर १९८८ मध्ये सरकारनं किमान उत्पन्नाची हमी देणारा कायदा केला. पण पंचविशीच्या आतल्या, मूल नसलेल्या तरुणांना तो लागू नव्हता. जुना ‘क्लोशार’, म्हणजे सेनकाठी वाइनची बाटली घेऊन बसणारा, सिनेमांत आणि गाण्यांत लाडका झालेला म्हातारा, मागे पडत होता. त्याच्या जागी तीन अक्षरी सरकारी नाव आलं : एस-डी-एफ, निश्चित निवास नसलेला. नाव बदललं, व्याख्या तीच राहिली.

काराक्सनं ही दोन पॅरिस एका रात्रीत आणली. १४ जुलैच्या सोहळ्यातली विमानं, संचलन, आतषबाजी आपण पाहतो ती बंद पुलावरच्या या दोघांच्या बाजूनं. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. तरी ते दारूच्या नशेत बंदुकीचे बार काढतात, नाचतात, पोलिसांची बोट पळवतात. समता आणि बंधुता यांचा दोनशेवा वाढदिवस त्या शहरात सगळ्यात मनापासून कुणी साजरा केला असेल, तर तो घर नसलेल्या या दोन माणसांनी.

पण ते पुलावरच का राहतात? कॉलेजात असताना मला वाटायचं, पूल रोमँटिक आहे म्हणून. आता त्याचं साधं उत्तर दिसतं. नाँतेरसारख्या ठिकाणी पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बहुतेक रात्रनिवाऱ्यांचा नियम तोच. एकट्या माणसाला पलंग मिळतो, जोडप्याला मिळत नाही. एकमेकांबरोबर राहायचं असेल तर उघड्यावर राहायला लागतं. बंद पडलेला पूल हीच त्यांना एकत्र राहता येईल अशी शहरातली एकमेव खोली आहे.

शेतातलं पॅरिस

या सिनेमाचा स्वतःचा इतिहासही विचित्र आहे. काराक्स तेव्हा तिशीही न गाठलेला होता. ‘बॉय मीट्स गर्ल’ (१९८४) आणि ‘मोव्हे साँ’ (१९८६) या दोन सिनेमांनी त्याला फ्रेंच सिनेमाचं लाडकं पोर केलं होतं. तिन्ही सिनेमांत लाव्हाँच आहे आणि तिन्हींत त्याच्या पात्राचं नाव अ‍ॅलेक्स. काराक्सचं स्वतःचं खरं नावही अ‍ॅलेक्स. तो आणि बिनोश तेव्हा एकमेकांबरोबर होते, आणि हा सिनेमा पुरा होईपर्यंत ते वेगळे झाले होते.

खऱ्या पाँ-नफवर चित्रीकरणासाठी १९८८च्या उन्हाळ्यातले मोजके आठवडे मिळाले होते. त्याच सुमाराला लाव्हाँच्या अंगठ्याला मोठी दुखापत झाली आणि ती मुदत हुकली. मग ठरलं, पूलच बांधायचा. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ लाँसार्ग गावाच्या शिवारात पाँ-नफ उभा राहिला. नदीसाठी पाणी भरलेलं तळं, मागे सामारितेन या प्रसिद्ध दुकानासकट काठावरच्या इमारतींचे दर्शनी भाग. पैसे संपले, काम थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. शेवटी निर्माता क्रिस्तियाँ फेशनेर यानं ते अंगावर घेतलं आणि तीन वर्षांनी सिनेमा पुरा झाला. खर्च दहा कोटी फ्रँकच्या वर गेला होता.

रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या गोष्टीसाठी फ्रेंच सिनेमातल्या तोवरच्या सगळ्यात महागड्या सेटांपैकी एक. तेव्हाही लोकांना हे टोचलं आणि आजही टोचायला हवं. एका पुलाच्या नकलेच्या पैशांत किती खोल्या झाल्या असत्या, हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात येते. खऱ्या शहरात या दोघांना थांबायला काही आठवड्यांपलीकडे जागा मिळाली नाही. त्यांच्यासाठी शहरच दुसरीकडे बांधावं लागलं. आणि सिनेमात दाखवलेली दुरुस्तीही खोटी होती. खऱ्या पुलाची मोठी डागडुजी सुरू झाली ती नंतर, १९९४ मध्ये, आणि २००७ मध्ये पूल चारशे वर्षांचा होताना संपली.

तिचं पोस्टर

आता त्या भागाकडे येते, ज्याच्यामुळे त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मिशेल गरीब घरातली नाही. ती एका कर्नलची मुलगी आहे. प्रेमभंग आणि आजार यांमुळे ती रस्त्यावर आलेली आहे. एक दिवस मेट्रोच्या भुयारात अ‍ॅलेक्सला तिचं पोस्टर दिसतं. तिच्या डोळ्यांवर उपचार सापडला आहे, घरचे तिला शोधत आहेत. पोस्टर एक नाही, भिंतभर आहेत. अख्खं भुयार तिच्या चेहऱ्यांनी भरलेलं.

अ‍ॅलेक्स ती पोस्टरं जाळतो. तिला कळू नये म्हणून. त्याआधी दोघांनी चोरून जमवलेल्या पैशांची पेटीही त्यानं नदीत ढकललेली असते, तिच्याकडे पैसे आले तर ती जाईल या भीतीनं. पुढे पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाची गाडी तो पेटवतो आणि तो माणूस जळून मरतो. अ‍ॅलेक्स तुरुंगात जातो. आपण त्याला निष्पाप म्हणू शकत नाही. एक माणूस मेला आहे, आणि ज्या बाईवर त्याचं प्रेम आहे तिचे डोळे तो जाऊ देणार होता.

पण कॉलेजात मला हे फक्त वेडं प्रेम वाटलं होतं. या वेळी वाटलं, तो घाबरलेला आहे. तिच्यामागे अख्खं शहर ‘ही आमची’ म्हणत उभं राहिलेलं तो पाहतो आहे, आणि त्याला ठाऊक आहे की त्याचं पोस्टर कुठल्याच भिंतीवर कधी लागणार नाही. मिशेल हरवलेली आहे. अ‍ॅलेक्स हरवलेला नाही, कारण हरवायला मागे शोधणारं कुणीतरी असावं लागतं. तो नुसताच आहे.

एकाच पुलावर, एकाच घोंगडीखाली झोपलेली ही दोन माणसं कधीच एकसारखी गरीब नव्हती. तिला ‘अव्ह’ होता. तो घरी वाट पाहत होता.

मला माझ्या ड्रॉवरमधला करार आठवला. त्यावर माझं नाव, माझ्या आत्याची सही, माझ्या ऑफिसचा शिक्का. आमची आणि नाँतेरच्या बसमधल्या माणसांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. आम्हाला छप्पर होतं. पण त्या छपराखाली आम्ही दोघं सारखे नव्हतो. भांडण झालं तर बॅग भरायची पाळी त्याचीच होती, आणि आम्ही दोघंही हे न बोलता जाणत होतो. मी त्याला मावसभाऊ म्हटलं तेव्हा मला ते चातुर्य वाटलं होतं. खरं म्हणजे मला त्याची ओळख द्यायची संधी होती आणि मी खोटी ओळख दिली.

वाळूची बोट

सिनेमाचा शेवट मला आता वेगळा दिसतो. मिशेलचे डोळे बरे झाले आहेत. ती तुरुंगात अ‍ॅलेक्सला भेटायला येते. त्याला तिथं भेटायला येणारी तीच. पुढे तो सुटतो, आणि ठरल्याप्रमाणे ख्रिसमसच्या रात्री, बर्फ पडत असताना, दोघं दुरुस्त झालेल्या पुलावर भेटतात. भांडतात. तो तिला घेऊन नदीत कोसळतो. वाळू वाहून नेणारी एक बोट त्यांना उचलते. बोटीवर एक म्हातारा आणि एक म्हातारी आहेत. बोट निघाली आहे समुद्राकडे, ल आव्ह्र बंदराला. दोघं म्हणतात, आम्हीही येतो.

जाणकार सांगतात, की हा शेवट म्हणजे जाँ व्हिगोच्या १९३४ सालच्या ‘लातालाँत’ या मालवाहू बोटीवरच्या प्रेमकथेला केलेला नमस्कार आहे. ते खरंच आहे. मला मात्र आता त्या म्हातारा-म्हातारीकडे बघावंसं वाटतं. मध्यरात्री नदीतून दोन भिजलेली माणसं वर येतात, आणि ते त्यांना विचारत नाहीत, तुम्ही एकमेकांचे कोण, तुम्हाला ओळखणारं कोण. दोन माणसं आहेत, थंडी आहे, बोटीत जागा आहे.

वास्तवात असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं. १९९३ मध्ये झाविए एमान्युएली या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये ‘सामू सोस्याल’ सुरू केलं. रात्री गाड्या घेऊन फिरायचं, रस्त्यावरच्या माणसाला चहा द्यायचा, विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर सोडून द्यायचं. त्याआधी ते नाँतेरमध्येच काम करत होते. १९९४ मध्ये कायदा बदलला. ‘निळ्यां’ना माणसं जबरदस्तीनं उचलायचा आधार उरला नाही. मग अनेक गावांच्या महापौरांनी उन्हाळ्यात, पर्यटकांच्या मोसमात, भीक मागण्यावर स्थानिक बंदीचे हुकूम काढले. दारातून गेलेलं कलम खिडकीतून परत आलं. पुलासमोरचं सामारितेन २००५ मध्ये बंद झालं आणि २०२१ मध्ये उघडलं, तेव्हा तिथं महागडी दुकानं आणि शेजारी एक आलिशान हॉटेल होतं. त्याच्या खिडक्यांतून आता पाँ-नफचे ते अर्धगोल सज्जे दिसतात.

पुढच्या वर्षी आमच्या कराराचं नूतनीकरण आलं. मालक पेन घेऊन बसले होते. मी म्हटलं, “काका, एक सांगायचं होतं. हा माझा मावसभाऊ नाही. आम्ही दोघं एकत्र राहतो, आणि मला करारावर त्याचंही नाव हवं आहे.” काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. याला ओळखणारं इथं कोण आहे?

मी म्हटलं, “मी आहे.”

ते हसले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात नाही म्हणाले. आम्ही पुन्हा घर शोधायला लागलो. खोकी तीच होती, फक्त या वेळी प्रत्येक दारात आम्ही दोघं आपापल्या नावानं उभे राहिलो.